डुकरांचा फौजदार

डुक्कर बीकन स्ट्रीटच्या वळणावरून उधळत आलं तेव्हा अल्फियस ट्विचेल राज्याच्या भवितव्याचा विचार करत होता. निदान स्वतःला तो तसं सांगत होता. खरं तर सकाळी बिऱ्हाडाच्या खानावळीत खाल्लेल्या कॉड माशाच्या गोळ्यांत कांदा जास्त पडला होता, आणि गेली दहा मिनिटं राज्याचं भवितव्य आणि तो कांदा दोन्ही त्याच्या छातीत एकाच जागी जळजळत होते. मार्च संपत आला होता. कडेला साचलेल्या बर्फाचा काळा चिखल झाला होता आणि छपरांवरचं पाणी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हॅटांवर ठिबकत होतं. ट्विचेलची हॅट रेशमी होती, उंच होती आणि सेनेटर झाल्यावर बायकोच्या आग्रहाने घेतलेली होती. त्रेपन्नाव्या वर्षी डोक्यावर नावालाही केस नसलेल्या फण्यांच्या कारखानदाराला हॅटचा किती आधार वाटतो ते इतरांना कळायचं नाही. तर समोर एका खाटकाच्या गाडीची मागची फळी निसटली, आतलं डुक्कर खाली उतरलं, क्षणभर बॉस्टन शहराकडे बघत उभं राहिलं आणि मग जे सुटलं ते सरळ ट्विचेलच्या दिशेने. एक बाई किंचाळत पायऱ्या चढली. एक पोलीस शिट्टी वाजवत भलत्याच बाजूला पळाला. आणि ट्विचेलच्या मनात काही यायच्या आत त्याचे पाय दोन पावलं डावीकडे सरकले, लोखंडी कठड्याला पाठ लागली, कंबर वाकली, आणि डुक्कर शेजारून जाताना त्याच्या उजव्या हाताने त्याचा मागचा पाय घोट्यापाशी अचूक धरला. डुकराच्या मागे पळायचं नसतं. ते जिथून जाणार तिथे आधी जाऊन उभं राहायचं असतं. हे त्याला कोण केव्हा शिकवून गेलं होतं ते आठवायच्या आधीच तो चिखलात एका गुडघ्यावर बसला होता, हॅट गटारात होती, आणि डुक्कर सगळ्या शहराला ऐकू जाईल असं ओरडत होतं.

"वा आजोबा!" खाटीक धापा टाकत आला. "कुठल्या गावचे?"

"वेस्ट हॅडन."

"तरीच," खाटीक म्हणाला. त्याने ते नाव जन्मात ऐकलं नसणार, पण बॉस्टनच्या बाहेर सगळीकडे लोक दिवसभर डुकरंच धरतात असा बॉस्टनच्या माणसाचा ठाम समज असतो. त्याने हॅट पुसल्यासारखं करून ट्विचेलच्या हातात दिली, डुक्कर गाडीत कोंबलं आणि तो निघून गेला. ट्विचेल तिथेच उभा राहिला. विजारीचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरला होता, हाताला डुकराच्या राठ केसांचा स्पर्श अजून होता, आणि अंगात एक अशी गंमत भरून आली होती की ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. जानेवारीत अधिवेशन सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं. आणि तेवढ्यानेच तो अस्वस्थ झाला. भाषणं झाली, मेजवान्या झाल्या, गव्हर्नरसाहेबांनी नाव घेऊन हस्तांदोलन केलं, तेव्हा हे हात असे खूष झाले नव्हते. मग आज एका डुकराचा पाय धरल्यावर यांना काय झालं? तो हातांकडे बघत टेकडी चढू लागला. वर राज्याच्या विधानभवनाचा घुमट उन्हात दिसत होता, आणि तिथे अकरा वाजता दहा तासांच्या विधेयकावर मतदान होतं.

डुकरं धरायला तो शिकला तेही मार्चमध्येच, एकतीस वर्षांपूर्वी. वेस्ट हॅडनची ग्रामसभा मार्चमध्ये भरते, प्रार्थनागृहात, शेगडी पेटवूनही पाय गारठतात अशा थंडीत. वर्षभराचे अधिकारी तिथे हात वर करून निवडतात: गावचे तीन पंच, रस्त्यांचा मुकादम, कुंपणं तपासणारा, आणि सगळ्यांत शेवटी, माणसं कंटाळून उठायला लागली की, डुकरांचा फौजदार. मोकाट सुटलेली डुकरं धरून कोंडवाड्यात घालायची हे त्याचं काम. पण ते काम कोणी करत नसे, कारण ते पद त्या वर्षी लग्न झालेल्या पोराला द्यायचं ही गावची जुनी थट्टा होती. नवऱ्या मुलाचं नाव पुकारायचं, सगळ्यांनी बाकं बडवायची, त्याने लाजून शपथ घ्यायची आणि बाहेर आल्यावर सर्वांना सफरचंदाची दारू पाजायची. त्या वर्षी बावीस वर्षांचा अल्फियस ट्विचेल फण्यांच्या कारखान्यात दाबयंत्रावर कामाला होता, आणि ल्युक्रिशा बेमिसशी त्याचं लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. भट्टीवरचा ईबेन पार्लिन उभा राहिला. ईबेन त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, हाडापेराने मजबूत, आणि चेहरा असा की थट्टा करतानाही मयताला आल्यासारखा दिसे. "मी अल्फी ट्विचेलचं नाव सुचवतो," तो म्हणाला. "त्याला पळणाऱ्या जनावराला धरायची सवय आहे. ल्युक्रिशा बेमिसला विचारा." प्रार्थनागृह असं हसलं की धर्मगुरूंनाही तोंड फिरवावं लागलं. अल्फियसने हात वर करून शपथ घेतली, कान लाल झाले, दारू पाजली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तो खरोखरच डुकरं धरायला गेला. का गेला ते त्याला आजही नीट सांगता आलं नसतं. शपथ घेतली होती, आणि शपथ म्हणजे शपथ, एवढंच असेल. आठवड्याभरात त्याने ग्रामसभेच्या अध्यक्षांची दोन, धर्मगुरूंचं एक आणि खुद्द ईबेनचं एक अशी चार डुकरं कोंडवाड्यात घातली. मागचा पाय कसा धरायचा ते त्याला ईबेननेच शिकवलं होतं, आणि त्याच विद्येने ईबेनचंच डुक्कर गेलं. गावाला ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षी त्याला कुंपणं तपासायला दिली, मग रस्ते, मग पंच केला, मग आमदार आणि आता सेनेटर. लोकांना वाटायचं ट्विचेल एकेक पायरी चढत गेला. त्याला मात्र दर निवडणुकीच्या रात्री, टाळ्या वाजत असताना, मागच्या बाकांवर कोणीतरी हसू दाबतंय अशी शंका यायची, आणि तो मान वळवून बघायचा. आजवर तिथे कोणी सापडलं नव्हतं.

इमारतीच्या दारात होरेशियो गॅनेट उभा होता. गॅनेट पक्षाचा माणूस, सूतगिरण्यांचा माणूस, आणि ज्याच्या दाढीतून सकाळी सकाळी लव्हेंडरचा वास येतो असा माणूस. त्याने ट्विचेलची विजार बघितली.

"हे काय हो, ट्विचेल? घोडागाडीखाली आलात की काय?"

"डुक्कर धरलं."

"काय धरलं?"

"डुक्कर. मोकाट सुटलं होतं."

गॅनेटने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "हे आत कोणाला सांगू नका. अहो, सप्टेंबरात तुम्हाला नायब गव्हर्नर म्हणून उभं करायचंय. लोकांना कारखानदार चालतो, हाताने काम करून वर आलेला तर फारच चालतो, पण वर आल्यावर त्याने पुन्हा खाली वाकू नये. बरं, ते जाऊ द्या. आज लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे."

"नाही म्हणायचं. बस्स. एक शब्द. भाषण नको."

"मी शब्द दिलाय, गॅनेट," ट्विचेल जरा तोऱ्यात म्हणाला, आणि म्हणताना छातीत पुन्हा कांदा वर आला.

सेनेटचं सभागृह त्याला पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. गोल छताखालच्या चाळीस खुर्च्या, हिरवं कापड लावलेली मेजं, आणि खिडक्यांतून येणारं असं ऊन की फार लांबलेलं भाषणही त्यात बसून सोसता येई. अध्यक्षांनी हातोडी आपटली, कोणीतरी विधेयक वाचलं. कारखान्यातल्या स्त्रिया आणि मुलांना दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त काम नको. नावं पुकारून मतदान घ्यायचं ठरलं. कारकुनाने वही उघडून चष्मा सारखा केला आणि 'ए'पासून सुरुवात केली. ट्विचेल 'टी'. म्हणजे अजून बराच वेळ होता. त्याने खुर्चीत मागे रेलून डोळे अर्धे मिटले. कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेला कागद बरगडीला टोचत होता. जानेवारीपासून तो तिथेच होता. कोट बदलला की कागदही दुसऱ्या कोटात जायचा, ल्युक्रिशाला कळू न देता. त्यावर वेस्ट हॅडनच्या कारखान्यातल्या दोनशे बारा जणांच्या सह्या होत्या, आणि तो सेनेटपुढे ठेवायचा असं लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. ईबेन पार्लिनने तो आणून दिला होता, बॉस्टनला निघायच्या आदल्या दिवशी, कचेरीत. ईबेन आता त्रेसष्टचा, कारखान्याचा मुकादम, आणि सबंध कारखान्यात मालकाला अल्फी म्हणणारा एकटाच.

"तुझी सही दिसत नाही यावर," ट्विचेल कागद बघत म्हणाला होता.

"नाही केली."

"म्हणजे तुला पटत नाही?"

"पटतं. पण अर्ज परक्याकडे करतात, अल्फी. मी तुला सांगतोय."

"मग सांग."

"शेवटच्या तासाला मी फण्या बघत नाही. बोटं बघतो. सहा वाजेपर्यंत बायका काम करतात, सहा ते सात त्या झोपतात, डोळे उघडे ठेवून. आणि करवत काही झोपत नाही."

"एक तास म्हणजे किती फण्या जातात ते ठाऊक आहे तुला?"

"मला विचारतोस?" ईबेन म्हणाला. "तुला फणी करायला कोणी शिकवली?" आणि तो टोपी घालून निघून गेला. त्यानंतर ट्विचेल खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली अंगणात फण्यांसाठी ब्युनॉस आयर्सहून आलेली गाईबैलांची शिंगं डोंगरासारखी पडली होती आणि त्यांच्यावर बर्फ भुरभुरत होतं. त्याला ईबेनचा राग आला होता. आपल्याहून शहाण्या माणसाचा येतो तसा, म्हणजे त्यातून सुटका नव्हती.

"ड्युएल," कारकून म्हणाला. "नाही." "एलरी." "होय."

शिंगाला एक वास असतो. जळक्या केसांचा, पण त्याच्या आत काहीतरी गोडसर. एकदा नाकात बसला की तो आयुष्यभर जात नाही, आणि कारखान्यातल्या लोकांना तो येतच नाही. ल्युक्रिशाने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याचा सदरा नाकाशी धरून सांगितलं होतं, "मिस्टर ट्विचेल, तुम्ही गाईसारखे दिसत नाही, पण बाकी सगळं आहे." शिंग चिरायचं, उकळत्या तेलात मऊ करायचं, विस्तवावर धरून उलगडायचं आणि गरम असतानाच तापल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबायचं, की त्याची सपाट, हिरवट, उजेड आरपार जाईल अशी चकती होते. मग जोडकरवत. एकाच चकतीत दोन फण्या कापायच्या, एकमेकींत अडकलेल्या. एकीचा दात म्हणजे दुसरीमधली फट. करवत खालीवर होत जाते, आणि शेवटी चकती दोन्ही हातांनी हलकेच ओढली की एकीतून दुसरी सुटून येते. अल्फियसने पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तो हसला होता, जादू बघून हसतात तसा. काहीही वाया गेलं नव्हतं. तिशीत त्याने स्वतःचा कारखाना काढला तो त्या हसण्यावरच. बाकीची कारणं त्याने नंतर, भाषणांसाठी शोधली. विरोधकांच्या वर्तमानपत्राने मागच्या निवडणुकीत छापलं होतं की श्री. ट्विचेल यांचा माल आणि त्यांची मतं दोन्ही त्यांच्या स्वतःच्या डोक्याच्या कामाची नाहीत. ते कात्रण त्याने कचेरीत चौकट करून लावलं होतं आणि येणाऱ्याला हौसेने दाखवायचा. टकलाची थट्टा त्याला कधी लागली नाही. लागलं होतं ते निराळंच.

डॉर्कस हिल्ड्रेथ जोडकरवतीवर बसायची. एकोणीस वर्षांची, बोलायला फटकळ, हात असे चपळ की बघणाऱ्याची नजर मागे पडावी. गेल्या डिसेंबरात, संध्याकाळी साडेसहाला, दिव्याच्या उजेडात तिच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं. साडेसहाला. ही वेळ ईबेनने सांगितली नव्हती. ट्विचेलने स्वतः विचारली होती, आणि विचारून पस्तावला होता. त्याने तिच्या घरी डुकराची मांडी पाठवली, ल्युक्रिशाने केक पाठवला, डॉक्टर पाठवला. तो स्वतः गेला नाही. आठवड्याने डॉर्कस हाताला फडकं बांधून कामावर आली आणि सगळ्यांना सांगत सुटली, "अंगठीचं बोट शाबूत आहे ना, मग लग्न अडत नाही." सगळे हसले. ट्विचेल त्या वेळी दारात उभा होता, तोही हसला, आणि ते हसू तोंडावर तसंच ठेवून कचेरीत गेला आणि दार लावून घेतलं. लाज वाटत होती. साधी, शाळेतल्या पोरासारखी लाज. कारण ईबेन म्हणतो ते खरं असेल, तर ते आज खरं झालेलं नव्हतं. तेवीस वर्षं घंटा सातला वाजत होती. 'होय' म्हणायचं म्हणजे एका तासापुरतं म्हणायचं नव्हतं, त्या तेवीस वर्षांतल्या एकूण एक साडेसहांना म्हणायचं होतं. तेवढा माणूस आपण आहोत का? नायब गव्हर्नर होणं त्या मानाने सोपं वाटत होतं. तिथे फक्त 'नाही' म्हणायचं होतं, आणि मागे वळून बघायचं नव्हतं.

"किटरेज." "नाही." "लूमिस." "नाही." मागे गॅनेट पेन्सिलीने टिकमार्क करत होता, त्याची खरखर ऐकू येत होती. उन्हाचा पट्टा ट्विचेलच्या मेजावर आला. तळव्यांना ऊब लागली आणि ते भट्टीसमोरचे झाले. दाबयंत्राशी तो आणि भट्टीशी ईबेन. चकती विस्तवावर मऊ झाली की ती क्षणभरही थांबत नाही. ईबेन चिमट्यात धरून ती आणायचा, पट्ट्यांमध्ये सरकवायचा आणि मागच्या चाकाला हात घालताना नाव घ्यायचा, "ट्विचेल!" आणि दाबयंत्रावरच्या माणसाने दोन्ही हात डोक्याच्या वर उचलून ओरडायचं, "होय!" म्हणजे माझे हात बाहेर आहेत, सोड. मग वरून लोखंड खाली यायचं. विचार करायचा नाही, बघायचं नाही, नाव ऐकलं की हात वर आणि होय. ईबेनने पहिले दोन आठवडे त्याच्याकडून नुसतं हेच करून घेतलं होतं, शिंगाला हात लावू न देता. जेवताना मध्येच पुकारायचा. प्रार्थनेला जाताना रस्त्यात पुकारायचा. एकदा तर अल्फियस ल्युक्रिशाचा हात हातात घेऊन नदीकाठी उभा असताना झाडामागून हाक आली, "ट्विचेल!" आणि त्याने तिचा हात सोडून दोन्ही हात वर केले, "होय!" ल्युक्रिशाने पुढे वर्षभर त्यावरून टोमणे मारले. वेस्ट हॅडनमध्ये दहा बोटांची म्हातारी माणसं जास्त दिसतात ती या हाकेमुळे. बाहेरच्या लोकांना हा वेडेपणा वाटतो, कारण गावातल्या चर्चमध्ये नाव पुकारलं की अर्धी माणसं अजूनही हात वर करतात. ऊन तळव्यांवर होतं. ईबेन चिमटा घेऊन येत होता. तेलाचा वास, चामड्याच्या पट्ट्यांची फडफड, मागे कोणीतरी शीळ घालतंय.

"ट्विचेल!"

"होय!" अल्फियस ट्विचेल गरजला आणि त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले.

सभागृहाचं हसू छताला जाऊन आदळलं. कारकुनाचा चष्मा नाकावरून घसरला. गॅलरीत एक बाई रुमाल तोंडात धरून वाकली होती. ट्विचेलने डोळे उघडले. त्याला लोखंड खाली आलेलं ऐकू आलं नव्हतं, ईबेन कुठे दिसत नव्हता, आणि त्याचे दोन्ही हात अजून वर होते, एका बाहीवर डुकराचा चिखल.

अध्यक्षांनी हातोडी आपटली, पण त्यांचंही तोंड सरळ राहत नव्हतं. "वूस्टर परगण्याच्या सन्माननीय सदस्यांनी दोन मतं दिली की एक?"

पुन्हा हसू. गॅनेटने मागून कोट धरून ओढला. "बदला. अजून वेळ आहे. निकाल सांगेपर्यंत मत बदलता येतं. झोपलो होतो म्हणा, काहीही म्हणा! अहो, उठा!"

ट्विचेल उठला. त्याने हात खाली घेतले आणि आजूबाजूला बघितलं. एकतीस वर्षं त्याला ज्याची शंका होती ते हसू आता समोर होतं, मागच्या बाकांवर नाही, सगळ्या बाकांवर, उघडं, मनसोक्त. आणि ते मुळीच वाईट नव्हतं. त्यात विषारी काही नव्हतं. प्रार्थनागृहातलं हसू असंच होतं, त्याला आठवलं, आणि त्यातून बाहेर पडून तो पहाटे डुकरं धरायला गेला होता. त्याच्या छातीतला कांदा कुठे गेला कोण जाणे. "अध्यक्षमहाराज," तो म्हणाला, "एकच मत. चुकून तोंडातून गेलं हे खरं आहे. आमच्या कारखान्यात नाव पुकारलं की असंच म्हणतात, आणि हात वर करतात. हात यंत्राखाली राहू नयेत म्हणून." हसू कमी झालं. त्याला भाषण करायचं नव्हतं, आणि गॅनेटनेही तेवढंच सांगितलं होतं. "माझ्याकडे एक मुलगी आहे, तिचं बोट करवतीखाली राहिलं. संध्याकाळी साडेसहाला. घंटा माझी होती." पुढचं वाक्य घशाशी आलं आणि त्याला ते गिळून टाकता आलं असतं. "तेव्हा आता जागेपणी सांगतो, होय." त्याने खिशातून तो चुरगळलेला कागद काढून मेजावर ठेवला, बरगडीवर हात फिरवला आणि तो खाली बसला.

"संपलं," गॅनेट कानाशी म्हणाला. "नायब गव्हर्नर विसरा. शपथेवर सांगतो, तुम्हाला आता आम्ही डुकरं राखायलासुद्धा उभं करणार नाही."

"ते मी केलंय, गॅनेट," ट्विचेल म्हणाला. "बरं जमतं."

विधेयक दोन मतांनी पडलं. 'डब्ल्यू' आणि 'वाय'वाल्यांनी नाही म्हटलं आणि हातोडी आपटली, एवढंच. ट्विचेलला वाटलं होतं, पडलं तर जीव भांड्यात पडेल, कारण मतही दिलं आणि तासही वाचला. पायऱ्या उतरताना त्याला कळलं की तसं झालेलं नाही. कायदा झाला असता तर तो सगळ्यांवर आला असता, आणि तो सगळ्यांबरोबर कुरकुरला असता. आता घंटा पुन्हा त्याची एकट्याची झाली होती. सरकार त्याला सक्ती करायला तयार नव्हतं. तो कोर्ट स्ट्रीटवरच्या तारघरात गेला, पेन्सिल घेतली आणि कागद पुढे ओढला. आजूबाजूच्या गावांतले फणीवाले कारखाने सातपर्यंत चालणार होते. ते हसणार होते, आणि त्यांच्या हसण्यात विष असणार होतं. त्याने ओठ घट्ट मिटले आणि लिहिलं: ईबेन पार्लिन, वेस्ट हॅडन. सोमवारपासून घंटा सहाला. कायदा पडला, आपण पाळायचा. ट्विचेल. उत्तर बिऱ्हाडी पाठवा असं सांगून तो बाहेर पडला, आणि रस्त्याने जाताना त्याला आपण मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत राहिलं. वाटू द्यावं, असं त्याने ठरवलं. तेवीस वर्षांनी एक दुपार तेवढी चैन चालेल.

बिऱ्हाडाच्या खानावळीत जेवणाची वेळ झाली होती. ल्युक्रिशाने विजारीकडे बघितलं, बाहीकडे बघितलं, हॅटकडे जरा जास्तच बघितलं आणि घेवड्याच्या भांड्यावरचं झाकण काढलं. ट्विचेलने सगळं सांगितलं. डुक्कर, हात, गॅनेट, आणि तार. सांगता सांगता त्याचा आवाज जरा सेनेटसारखा झाला होता.

"म्हणजे नायब गव्हर्नरीणबाई व्हायचं राहिलं माझं," ती म्हणाली.

"वाईट वाटतंय?"

"नव्या झग्याचं वाटतंय. झोपेतलं 'होय' मला नवीन नाही, मिस्टर ट्विचेल. लग्नाच्या दिवशीही धर्मगुरूंनी दोनदा विचारलं तेव्हा..." एवढ्यात मोलकरीण तार घेऊन आली.

ट्विचेलने चष्मा लावला. त्याच्या मनात ईबेनचा चेहरा होता, तार वाचून पहिल्यांदाच हललेला, कदाचित डोळेही पुसणारा. त्याने कागद उलगडला, एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि खाली ठेवला.

"काय म्हणतो ईबेन?"

त्याने कागद तिच्याकडे सरकवला. तिने मोठ्याने वाचलं: "तू बॉस्टनला गेलास त्या दिवसापासून सहालाच वाजवतोय. फण्या तेवढ्याच. बोटंही तेवढीच. डॉर्कस विचारते, पाचला चालेल का. ईबेन."

तीन महिने. तो इथे रात्री कूस बदलत होता, कोटातून कोटात कागद हलवत होता, आज सबंध सेनेटसमोर स्वतःची लाज उघडी करून आला होता, आणि तिकडे रोज सहाला दोनशे बारा माणसं दिवे मालवून घरी जेवायला जात होती. पहिल्यांदा त्याला राग आला, चांगला सणसणीत, मानेपासून टकलापर्यंत चढत गेलेला. मग तो टकलावर पोचला आणि तिथे त्याला धरून राहायला काही सापडलं नाही. ट्विचेल हसायला लागला. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, शेजारच्या मेजावरचा पाद्री वळून बघायला लागला, आणि तरी त्याला थांबता येईना.

"काय उत्तर देणार मग?" ल्युक्रिशाने त्याच्या ताटात घेवडा वाढत विचारलं.

"पाचला मुळीच नाही म्हणून कळवतो," तो डोळे पुसत म्हणाला. "कारखान्यात मालकाचंही काही चाललं पाहिजे."